तनाख ऐकून शिकायचा तर: आधी पान, मग कान

हिब्रू बायबलवरची रेकॉर्ड केलेली व्याख्यानं ऐकणाऱ्यांची एक तक्रार माझ्याकडे पुन्हापुन्हा येते. सहा महिने नेमाने ऐकलं, वक्ता आवडला, ऐकताना सगळं समजलंही. पण जलप्रलयाची गोष्ट कोणत्या अध्यायात सुरू होते, किंवा यशया हा संदेष्टा कोणकोणत्या राजांच्या काळात बोलत होता, असं कोणी विचारलं की तोंडातून शब्द फुटत नाही.

दोष स्मरणशक्तीचा नाही, क्रमाचा आहे. आपण आधी ऐकतो आणि मजकूर 'नंतर कधीतरी' उघडतो. तनाख म्हणजे हिब्रू बायबल: तोरा (मोशेची पाच पुस्तकं), नवीईम (संदेष्टे) आणि केतुवीम (इतर लेखन) हे तीन भाग मिळून झालेला ग्रंथ. त्यावरचं प्रत्येक व्याख्यान श्रोत्याच्या समोर पान उघडं आहे असं धरूनच दिलेलं असतं. पान बंद असेल तर कानावर पडतं ते फक्त वक्त्याचं मत, ज्यावर ते मत आहे तो मजकूर नव्हे. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या चार टप्प्यांना एक रविवार पुरतो आणि त्यात एकही व्याख्यान पूर्ण ऐकायचं नाही.

## टप्पा १: वक्त्याची बैठक ओळखा

एकाच वचनावर तीन वक्ते तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि नवा श्रोता गोंधळतो. प्रत्यक्षात ते एकमेकांना खोडत नसतात, वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. उत्पत्ती १:१ घ्या.

विद्यापीठातला प्राध्यापक विचारेल: हा मजकूर कोणत्या काळात लिहिला गेला आणि शेजारच्या संस्कृतींमध्ये काय होतं? तो बॅबिलोनी सृष्टिकाव्य 'एनुमा एलिश' शेजारी ठेवून तुलना करेल.

पारंपरिक ज्यू शिक्षक राशीपासून सुरुवात करेल. राशी (१०४० ते ११०५) हा फ्रान्समधल्या त्रुआ गावचा भाष्यकार. त्याने या वचनावर पहिलाच प्रश्न विचारला आहे तो असा: तोरा आज्ञांचा ग्रंथ आहे, तर तो निर्गम १२:२ मधल्या पहिल्या आज्ञेपासून सुरू न होता सृष्टीच्या निर्मितीपासून का सुरू होतो? अशा पारंपरिक पाठाला 'शिऊर' म्हणतात.

ख्रिस्ती प्रवचनकार इथून थेट नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या अध्यायाकडे जाईल. मराठीत 'जुना करार' असा शोध घेतला की बहुधा हीच प्रवचनं समोर येतात. त्यांत काही वाईट नाही. पण ज्यू लोक स्वतःचा ग्रंथ कसा वाचतात हे शिकायचं असेल, तर ती तुमची पहिली निवड असू नये.

बैठक ओळखण्याची माझी खूण यशया ७:१४ ही आहे. हिब्रूत तिथे 'अल्मा' शब्द आहे, म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात त्याचं 'कुमारी' झालं आणि मराठी पवित्र शास्त्रातही 'कुमारी'च आहे. वक्ता या वचनाशी काय करतो ते ऐका: शब्दाचा अर्थ उलगडतो, आहाज राजाच्या दरबारातला प्रसंग सांगतो, की थेट मत्तयच्या शुभवर्तमानाकडे वळतो? पाच मिनिटांत कळतं.

सावधान: तिन्ही बैठका ऐकायला माझी हरकत नाही. पण एकाच आठवड्यात एकाच अध्यायावर तिन्ही ऐकू नका. आधी एक मालिका शेवटपर्यंत न्या.

विद्यापीठीय बैठकीसाठी येल विद्यापीठाचा ख्रिस्टीन हेज यांचा अभ्यासक्रम घ्यावा असं मी सांगेन. २००६ साली वर्गातच ध्वनिमुद्रित झालेली ती २४ व्याख्यानं विनामूल्य उपलब्ध आहेत. सोबत प्रत्येक व्याख्यानाची लिखित प्रत आणि आधी काय वाचून यायचं त्याची यादीही आहे. वर्गातलं ध्वनिमुद्रण असलं की वक्ता मध्येच फळ्याकडे बोट दाखवून 'हे बघा' म्हणतो आणि आपल्याला काहीच दिसत नाही, म्हणून लिखित प्रत मोलाची. शिऊर ऐकायचे असतील तर न्यूयॉर्कच्या येशिवा युनिव्हर्सिटीच्या 'वाय-यू-तोरा' (YUTorah) या संकेतस्थळावर त्यांचा मोठा साठा आहे.

## टप्पा २: दोन मजकूर हाताशी ठेवा

एक मराठी, एक ज्यू. मराठीसाठी बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं पवित्र शास्त्र चालेल. ज्यू भाषांतर 'सेफारिया' या संकेतस्थळावर आणि त्यांच्या ॲपवर फुकट मिळतं. तिथे हिब्रू मूळ, शेजारी ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीचं इंग्रजी भाषांतर, आणि वचनावर बोट ठेवलं की राशीसकट अनेक भाष्यकार उघडतात. हिब्रू वाचन कसं ऐकू येतं हे जाणून घ्यायचं असेल तर 'मखोन ममरे' या संकेतस्थळावर अध्यायवार वाचन आहे.

मराठी प्रतीत एक दुरुस्ती आधी करून ठेवा. ख्रिस्ती जुन्या करारातला पुस्तकांचा क्रम तनाखचा नाही. प्रोटेस्टंट प्रतीत ३९ पुस्तकं आहेत. ज्यू मोजणीत तोच मजकूर २४ पुस्तकांत बसतो, कारण बारा छोटे संदेष्टे मिळून एक पुस्तक धरतात, आणि शमुवेल, राजे, इतिहास व एज्रा-नहेम्या यांचं प्रत्येकी एक. वसई किंवा गोव्याच्या कॅथलिक घरातली प्रत असेल तर जुन्या करारात ४६ पुस्तकं असतील. त्यातली तोबीत, यहूदीथ, मक्काबी यांसारखी पुस्तकं तनाखमध्ये नाहीत.

हा क्रम कागदावर लिहून मुखपृष्ठाच्या आत चिकटवा:

तोरा: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद.
नवीईम: यहोशवा, शास्ते, शमुवेल, राजे, यशया, यिर्मया, यहेज्केल, बारा संदेष्टे.
केतुवीम: स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रे, ईयोब, गीतरत्न, रूथ, विलापगीत, उपदेशक, एस्तेर, दानीएल, एज्रा-नहेम्या, इतिहास.

तपासणी: दानीएल कोणत्या भागात आहे? 'संदेष्ट्यांत' असं उत्तर आलं तर कागद पुन्हा वाचा.

## टप्पा ३: नावांची वही

सर्वांत जास्त श्रोते इथे गळतात. वक्ता 'शेमोस पेरेक गिमेल' म्हणून पुढे जातो आणि आपण निर्गमचा तिसरा अध्याय उघडायला हवा होता हे आपल्याला कळतच नाही.

अडचण दुहेरी आहे. पुस्तकांची हिब्रू नावं वेगळी, आणि त्यांचे उच्चारही दोन. अमेरिकेतल्या अनेक शिक्षकांचा उच्चार अश्कनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या वळणाचा असतो. इस्राएली उच्चारात जिथे शेवटी 'त' येतो, तिथे त्यांच्या तोंडी बहुधा 'स' येतो: शब्बात आणि शब्बोस, मित्स्वोत (आज्ञा) आणि मित्स्वोस. म्हणून वहीत तीन रकाने पाडा:

- बेरेशीत, बेरेशिस: उत्पत्ती
- शेमोत, शेमोस: निर्गम
- वायिक्रा: लेवीय
- बामिदबार: गणना
- देवारीम: अनुवाद

मराठीत 'अनुवाद' हे एका पुस्तकाचं नाव आहे हे पक्कं लक्षात ठेवा. 'अनुवादात असं म्हटलंय' अशी नोंद करून ठेवली, तर महिन्याभराने तुम्हालाच कळणार नाही की ते भाषांतराबद्दल होतं की मोशेच्या शेवटच्या भाषणाबद्दल. मी 'अनु.' असं लिहितो आणि भाषांतरासाठी नेहमी 'भाषांतर'च वापरतो.

पुढची नावं हळूहळू भरा: शोफ्तीम म्हणजे शास्ते, मेलाखीम म्हणजे राजे, तेहिलीम म्हणजे स्तोत्रसंहिता, मिशले म्हणजे नीतिसूत्रे, कोहेलेत म्हणजे उपदेशक, एखा म्हणजे विलापगीत.

कामाचे शब्दही याच वहीत. 'पसूक' म्हणजे वचन, 'पेरेक' म्हणजे अध्याय, 'पाराशा' म्हणजे आठवड्याला वाचायचा भाग, 'प्शात' म्हणजे सरळ अर्थ, 'द्राश' म्हणजे उकल करून काढलेला अर्थ, 'खझाल' म्हणजे तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाच्या काळातले ज्ञानी. एवढ्यावर बहुतेक शिऊरांची दारं उघडतात.

देवाच्या नावाबद्दल वेगळं पान ठेवा. चार अक्षरांचं नाव ज्यू शिक्षक उच्चारत नाही. तो 'हाशेम' म्हणतो, म्हणजे 'ते नाव'. 'एलोहीम'ही प्रार्थनेबाहेर पुष्कळदा 'एलोकीम' असं मुद्दाम बदलून उच्चारतात. नवा श्रोता 'एलोकीम' शोधत बसतो आणि कोणत्याही कोशात तो शब्द सापडत नाही. मराठी प्रतीत चार अक्षरांच्या नावासाठी 'परमेश्वर' आणि एलोहीमसाठी 'देव' आहे. हा फरक हलका समजू नका. जलप्रलयाच्या कथेवरची विद्यापीठीय व्याख्यानं याच फरकावर उभी असतात: इथे दोन कथा एकत्र विणल्या आहेत असं ती मांडतात. एका ठिकाणी प्रत्येक प्राण्याची जोडी घ्यायला सांगितली आहे (उत्पत्ती ६:१९), दुसरीकडे शुद्ध पशूंसाठी सातचा आकडा आहे (७:२). एकीकडे चाळीस दिवसांचा पाऊस, दुसरीकडे दीडशे दिवस पाणी. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या, 'देव' एका रंगात आणि 'परमेश्वर' दुसऱ्या रंगात अधोरेखित करा, आणि मग व्याख्यान ऐका. ७:१६ मध्ये दोन्ही रंग एकाच वचनात येतात. तिथे वक्ता थांबणारच.

मराठी वाचकाला एक फायदाही आहे. आपल्या प्रतीतली कितीतरी नावं इंग्रजीपेक्षा हिब्रूला जवळची आहेत: मोशे, योना, शलमोन, यहेज्केल, कोरेश. इंग्रजी व्याख्यानात 'सायरस' हा इराणी सम्राट ऐकू आला की तो आपला कोरेश समजा. शिऊरमध्ये मात्र 'कोरेश' असंच ऐकू येईल. 'मित्स्वा'मधला त्स म्हणजे आपल्या 'चांगला'मधला च, तो आपल्या जिभेला शिकवावा लागत नाही.

## टप्पा ४: वचनांचे आकडे जुळवा

ज्यू आणि ख्रिस्ती प्रतींत वचनांचे क्रमांक काही ठिकाणी सरकलेले आहेत. हे माहीत नसलं की वक्ता चुकतोय असं वाटत राहतं.

स्तोत्रांत नेहमी हेच होतं. हिब्रू प्रतीत शीर्षक स्वतंत्र ओळीत असेल तर तेही वचन म्हणून मोजतात. त्यामुळे ३ऱ्या स्तोत्रात आकडा एकाने पुढे जातो आणि ५१व्यात दोनाने. योएलचे हिब्रूत चार अध्याय आहेत, आपल्याकडे तीन. मलाखी उलट: हिब्रूत तीन, आपल्याकडे चार. उत्पत्ती ३१:५५ हे हिब्रूत ३२:१ आहे.

तपासणी: वक्त्याने सांगितलेलं वचन जुळत नसेल तर आधी एक वचन मागे-पुढे पाहा, मग सेफारियावर पाहा. तिथेही नाही जुळलं तरच वक्त्याची जीभ घसरली असं धरा.

शिऊरांच्या शीर्षकांत आणखी दोन गोष्टी दिसतील. एक म्हणजे पाराशाचं नाव. तोराचे ५४ आठवडी भाग आहेत आणि प्रत्येकाला सुरुवातीच्या एखाद्या ठळक शब्दावरून नाव आहे. 'नोआख' म्हणजे उत्पत्ती ६:९ ते ११:३२, 'लेख लेखा' म्हणजे १२:१ ते १७:२७. दुसरी गोष्ट हिब्रू वर्ष. '५७७०' असं लिहिलेलं असेल तर ३७६० वजा करा, २०१० येतं. ज्यू वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने ध्वनिमुद्रण २००९च्या अखेरचंही असू शकतं.

तारखांचा एक छोटा कागदही हवा: इ.स.पू. ७२२ (अश्शूरने उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन घेतली), ५८६ (बाबेलने यरुशलेमचं मंदिर पाडलं), ५३८ (कोरेशने परतीची परवानगी दिली), ५१५ (दुसरं मंदिर पुरं झालं), आणि इ.स. ७० (रोमनांनी ते पाडलं). वक्ता (बाबेलच्या) 'बंदिवासाआधी' किंवा 'बंदिवासानंतर' म्हणाला की मधला टप्पा ५८६ ते ५३८ हा.

## टप्पा ५: सुरुवात योनापासून

बहुतेक जण उत्पत्तीपासून सुरू करतात, उत्साहाने निर्गमपर्यंत येतात आणि निवासमंडपाच्या, म्हणजे वाळवंटातल्या उपासनेच्या तंबूच्या मापांत अडकून थांबतात. मीही पहिल्या वर्षी तसाच थांबलो आणि पुढे चार महिने काही ऐकलं नाही. म्हणून आधी योना. चार अध्याय, ४८ वचनं, एका बैठकीत वाचून होतात. योम किप्पुर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी सिनेगॉगमध्ये हे पुस्तक संपूर्ण वाचतात, त्यामुळे त्यावर शिऊरही भरपूर आहेत.

व्याख्यान लावण्याआधी योना दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनात पेन्सिल हातात असू द्या आणि खाली जाण्याच्या प्रत्येक क्रियेवर खूण करा. योना याफोला खाली जातो, जहाजात उतरतो, जहाजाच्या तळाशी जाऊन झोपतो, आणि दुसऱ्या अध्यायातल्या प्रार्थनेत पर्वतांच्या बुडापर्यंत उतरलो असं म्हणतो. हिब्रूत या चारही ठिकाणी 'यारद' हेच क्रियापद आहे. भाषांतरात ते 'गेला', 'चढला', 'उतरला' असं विखुरतं आणि दिसेनासं होतं. चांगला वक्ता ते परत जोडून दाखवतो. दुसरा धागा 'मना', म्हणजे नेमून देणं, ठरवून पाठवणं. परमेश्वर आधी मासा नेमतो, मग वेल, मग किडा, मग पूर्वेचा वारा.

आकड्यांची परीक्षाही इथेच होते. मासा योनाला गिळतो ते वचन मराठी प्रतीत १:१७, हिब्रूत २:१.

तपासणी: योना ४:२ मध्ये योना देवाच्या दयेबद्दल तक्रार करतो. ते शब्द निर्गम ३४:६ वरून आले आहेत. दोन्ही पानं शेजारी ठेवा. वक्त्याने हा दुवा सांगण्याआधी तो तुम्हाला दिसला, तर तयारी पुरी झाली.

## टप्पा ६: दोन फेऱ्यांत ऐका

पहिला फेरा बसून, पान उघडं ठेवून, न थांबता, मूळ वेगाने. समजलं नाही तरी मागे जाऊ नका. फक्त समासात टिंब करा आणि मिनिट लिहा. मिनिट लिहिताना 'मि. २३' असंच लिहा. '२३:४०' असं लिहिलं की पुढे तो अध्याय होता की वेळ, हे उमजत नाही. माझी एक अख्खी वही यामुळे वाया गेली.

दुसरा फेरा दुसऱ्या दिवशी, टिंबांपाशी थांबत. एखादं वचन उद्धृत झालं की थांबा, उघडा, आधीची तीन आणि नंतरची तीन वचनं वाचा, मग पुढे चला. इथे पन्नास मिनिटांच्या व्याख्यानाला दीड तास लागला तर काही चुकत नाही.

लोकलमध्ये, स्वयंपाक करताना किंवा फिरायला जाताना नवं व्याख्यान कधीही ऐकू नका. या बाबतीत मी हट्टी आहे. दोन फेरे झालेलं व्याख्यान तिसऱ्यांदा तिथे जरूर ऐका, वेग वाढवूनही ऐका, ते फार चांगलं मुरतं. पण पहिलं ऐकणं चालत्या गाडीत केलं की वक्त्याचा आवाज लक्षात राहतो आणि वचन हरवतं.

## टप्पा ७: टिपण तीन भागांत

पानाचे तीन आडवे भाग करा. वर 'मजकूर काय म्हणतो', मधे 'वक्ता काय म्हणतो', खाली 'मला काय कळलं नाही'. वरच्या भागात वचनाच्या क्रमांकाशिवाय एकही ओळ लिहायची नाही. हा नियम मोडला की वक्त्याचा तर्क हळूच ग्रंथाच्या नावावर जमा होतो. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं, योनाचा मासा देवमासा होता, ही असल्याच टिपणांची पैदास आहे. उत्पत्ती ३ मध्ये फक्त 'फळ' आहे आणि योनात फक्त 'मोठा मासा'.

पारंपरिक शिऊरमध्ये मधल्या भागाचे आणखी दोन तुकडे लागतात, कारण शिक्षक मिद्राशातली (तनाखवरच्या जुन्या ज्यू कथा-भाष्यांतली) कथा आणि वचन एका दमात सांगतो. अब्राहामाने बापाच्या दुकानातल्या मूर्ती फोडल्या ही गोष्ट शिऊरमध्ये हमखास ऐकू येते, पण उत्पत्तीत ती नाही, मिद्राशात आहे. वक्ता फसवत नसतो. त्याच्यासमोर बसलेल्यांना हे ठाऊक असतं.

## टप्पा ८: मराठीत सांगून पाहा

दुसऱ्या फेऱ्यानंतर वही मिटून पाच मिनिटं मोठ्याने सांगा. घरात कोणी ऐकणारं असेल तर उत्तम, नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा. इंग्रजीत ऐकलेलं इंग्रजीतच डोक्यात राहिलं तर ते समजलं आहे की नुसतं पाठ झालं आहे, हे कळत नाही. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी १९व्या शतकात योसेफ, मोशे, एस्तेर यांच्या कथा मराठी कीर्तनांत बसवल्या. गोष्ट मराठीत उभी करायला किती नेमकी माहीत असावी लागते, ते सांगायला बसल्यावर कळतं.

तपासणी: सांगताना तीनहून जास्त वेळा 'असं काहीतरी' आलं, तर पुढच्या व्याख्यानाकडे जाऊ नका.

## टप्पा ९: योनानंतर काय

योनानंतर रूथ, तेही चारच अध्याय. मग उत्पत्ती संपूर्ण, मग निर्गम १ ते २४. इथून पारंपरिक मालिका ऐकत असाल तर पाराशांच्या क्रमाने सरळ पुढे जा. विद्यापीठीय मालिका असेल तर तिच्या यादीप्रमाणे.

निर्गम २५ आला, म्हणजे निवासमंडपाची मापं सुरू झाली, की ध्वनिमुद्रण बंद ठेवा आणि चौकटीचा कागद घ्या. एक चौकट म्हणजे पाच हात. अंगण १०० हात लांब, ५० हात रुंद (२७:१८), दार पूर्वेला. आत मंडप आखा. मेज उत्तरेला, दीपवृक्ष दक्षिणेला (२६:३५), पडद्यामागे कोश, म्हणजे आज्ञांच्या पाट्यांची पेटी. कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद (२५:१०), म्हणजे या कागदावर त्याची लांबी जेमतेम अर्धी चौकट. तो योग्य जागी काढून झाला की मग व्याख्यान लावा.